एका घागरीनं राहिलेला महादेव

अण्णा,

तुला माती देताना हातात माती आलीच नाही, ढेकळं आली. रुद्रभूमीत खड्डा खणणारे सकाळपासून टिकाव मारत होते. त्यातला एकजण म्हणाला, "घागरभर पानी वता की कुनीतरी, जिमीन ढिली व्हईल." घागर आणायला कुणी उठलं नाही. आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे तुला मांडी घालून बसवलं. स्वामींनी तुझ्या गळ्यातलं लिंग सोडून तुझ्या तळहातावर ठेवलं, विभूती लावली, बेल वाहिला. बेलही वाळलेलाच मिळाला होता. मग लोक ओंजळ भरायला वाकले तर हाताला लागली ती मुठीएवढाली काळी ढेकळं. पहिलं ढेकूळ तुझ्या खांद्यावर पडलं, त्याचा आवाज झाला आणि मी ओरडले, "फोडून टाका, फोडून! लागंल त्याला!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शाळेतल्या बाई अशा ओरडत नाहीत. पण मग एकेकजण खरोखर खाली बसला आणि ढेकळं हातानं चुरून, भुगा करून आत सोडू लागला. फार वेळ लागला त्याला. तुला जन्मभर घाई, पण त्या दिवशी तू मुकाट बसून राहिलास.

जन्म कधीचा, शिक्षण किती, मागं कोण कोण, हे सगळं वैनींच्या भावानं लातूरच्या पेपरात छापून आणलं आहे. फोटो चांगला आला आहे. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं एक भांडण अर्धं राहिलं आणि तू मधूनच उठून गेलास. हे काही बरं केलं नाहीस.

लातूर जिल्हा झाला त्या दिवशी तू पेढे घेऊन निलंग्याला माझ्या दारात आला होतास. दारातूनच ओरडलास, "तंगे, जिल्हा झाला आपला!" कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. आपली आई, अव्वा, सीमेपलीकडची, तिच्याबरोबर तो शब्द घरात आला आणि तुझ्या तोंडात राहिला. आता मला तशी हाक मारणारं कुणी नाही. हे मी रडायला म्हणून लिहीत नाही. शाळा उघडली आणि काल वर्गात हजेरी घेताना मध्येच ते डोक्यात आलं आणि पुढचं नाव मला वाचताच येईना.

मी तेव्हा तुझी टर उडवली होती. म्हटलं, "जिल्हा झाला म्हणून तुझ्या दुकानातली पेंड म्हशी जास्त खानारेत का?" तू पेढा माझ्या तोंडात कोंबलास. "हापिसं येतील आता. सायबं येतील, पुन्याचे, मुंबईचे. आल्या आल्या इचारतील, इथं हाय काय? आन आपन काय सांगायचं? पेंड हाय?"

साहेब आले आणि खरंच तसंच विचारू लागले. त्या वर्षीची येळवस आठवते तुला? येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, लातूरची माणसं घराला कुलूप लावून शेतात जातात, हे त्या नव्या माणसांना कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी उठून बघतात तर दूध नाही, हॉटेल बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. बँकेतले एक साहेब बायको-मुलांसह गोलाईच्या बाजारात चहा शोधत फिरत होते. गावात काही झालंय का, असं त्यांनी तुला घाबरून विचारलं. तू त्यांना तसंच एका ओळखीच्याच्या जीपमध्ये घातलंस आणि आपल्या शेतात घेऊन आलास. मी कडब्याच्या खोपीपुढं पालेभाज्या-शेंगांची भज्जी वाढत होते. साहेबांच्या बायकोनं आंबिलीचा पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "हे काय आहे?" तू असा फुललास की जणू आंबील तूच शोधून काढली होतीस. मग त्यांना घेऊन बांधाबांधानं फिरलास, त्यांच्या हातून रानात आंबील शिंपडून घेतलीस. संध्याकाळी जाताना साहेब म्हणाले, "अहो, हे सगळं दाखवायला कुणीतरी पाहिजे." एवढं एक वाक्य तुला पुरलं.

दुकान चुलतभावाला दिलंस आणि जुनी अँबेसिडर घेतलीस. वैनींनी अबोला धरला. मागच्या काचेवर तू रंगाऱ्याकडून लिहून घेतलंस: 'एका दिवसात जिल्हा दर्शन', आणि खाली बारीक अक्षरात, 'मंदिरे, निसर्ग, संस्कृती'. संस्कृती म्हणजे मी. सिद्धेश्वर झाला, खरोशाची लेणी झाली, की दुपारी गाडी माझ्या दारात. ज्वारीची भाकरी, काराळ्याची चटणी, उडदाचं घुटं. पाहुणे जेवायला लागले की तू उभा राहून त्यांना सांगायचास, "ही आमची संस्कृती." मी परातीमागून बघत राहायची. एकदा म्हणाले, "संस्कृतीला मीठ कमी पडलंय का ते तरी विचार." पाहुणे हसले, तू चिडलास.

आणि थापा किती मारायचास! खरोशाच्या लेण्यातली मूर्ती तीच, पण तिची कथा दर रविवारी नवी. निलंग्याच्या जुन्या देवळातल्या एका दगडी बाईला तू कधी राणी केलंस, कधी राणीची दासी. मी शाळेत शिकवणारी, मला राहवेना. म्हटलं, "अण्णा, हे खोटं हाय." तू म्हणालास, "खोटं हाय, पर लोकं थांबून बघायलेत की न्हाई?" त्या देवळावरून मी रोज शाळेला जात होते. कधी मान वर करून बघितलं नव्हतं. तू पाहुण्यांना सांगत होतास, ते ऐकत उभी होते म्हणून त्या बाईच्या पायातलं पैंजण मला दिसलं. आता रोज दिसतं. हे एवढं तुझं माझ्याकडे आहे, आणि ते कुणी परत मागायला येणार नाही.

शेवटचा मुक्काम दरीतला महादेव. फाट्यावर डांबरी सोडायची, पळसाच्या रानातून उतरायचं आणि देवळाच्या अलीकडे तू इंजिन बंद करायचास. मागं वळून जाहीर करायचास, "आता निसर्ग." आणि खरंच, गप्प बसलं की मोर ऐकू यायचे. वडाखाली कुंड होतं, वर्षभर भरलेलं. त्यातलं पाणी तू प्रत्येक पाहुण्याला ओंजळीनं पाजायचास. "हे कधी आटत न्हाई बगा." ही मात्र थाप नव्हती. आपल्या आजोबांनीही ते कोरडं बघितलं नव्हतं.

ते आटलं. पहिल्या कोरड्या वर्षी पायऱ्या उघड्या पडल्या, पुढच्या वर्षी तळ. मोर कुठं गेले कुणास ठाऊक. मी तुला म्हणाले, आता तिकडं पाहुणे नेऊ नकोस. तू म्हणालास, "कुंड न्हाई तर न्हाई, देव तर हाय की."

तो रविवार तुझ्याइतकाच मलाही पाठ आहे. पुण्याकडचे साहेब, त्यांची बायको, लहान मुलगी. मला सुट्टी होती म्हणून मीही पुढं तुझ्याशेजारी बसले होते. खाली उतरलो तर देवळापुढं सगळा गाव. आठवड्यानं टँकर आला होता आणि त्याच्यापासून गाभाऱ्यापर्यंत माणसांची रांग लागली होती. घागर हातोहात आत जात होती. गाभाऱ्याचा उंबरा चिखलानं लिंपून बंद केला होता.

साहेबांनी विचारलं, हे काय चाललंय? तू नेहमीच्या आवाजात सांगितलंस, "पिंड बुडवायलेत साहेब. महादेव पाण्याखाली गेला की दार लावून घेतात. त्याचा जीव घुसमटला की तो पाऊस पाडतो, मग दार उघडतात." साहेबांनी फोटो काढला. त्यांच्या मुलीनं विचारलं, "देवाला पोहता येत नाही?" तू तिला उचलून घेतलंस आणि खूप हसलास.

मग टँकर संपला. पिंड जवळजवळ बुडाली होती, माथा तेवढा वर राहिला होता, बोटभर. गाभारा जुना, दगडांच्या सांध्यांतून पाणी झिरपत होतं, आणि आपण बघत होतो तोवर तो माथा अजून थोडा उघडा झाला. गुरवाची म्हातारी, काशीबाई, तुझ्यापुढं हात जोडून उभी राहिली. "येकच घागर कमी पडायलीय, आण्णा. न्हाई तर समदं वाया गेलं बगा." तू माझ्याकडे बघितलंस. मी मान हलवली. नाही म्हणून हलवली होती, हे तुला चांगलं कळलं होतं.

तू गाडीकडे गेलास. बंपरला लटकवलेली पाण्याची कॅनव्हासची छागळ सोडलीस. डिकीतून रेडिएटरसाठी ठेवलेला डबा काढलास. आणि मग मागच्या सीटवरचा, साहेबांच्या घरून आलेला फिरकीचा तांब्या. एवढं सगळं काखोटीला मारून तू गाभाऱ्यात शिरलास, गुडघाभर पाण्यात उभा राहून ओतलंस. माथा बुडाला. 'हर हर महादेव' असा गजर झाला की दरीत घुमला. तू भिजून बाहेर आलास, धोतर पायाला चिकटलेलं, आणि तोंडावर असं हसू की तुझ्या लग्नातसुद्धा मी ते बघितलं नव्हतं.

चढ अर्धा संपायच्या आत बॉनेटमधून वाफ आली. रेडिएटर कोरडा. सावलीला एक बाभूळ, तीही निष्पर्ण. मुलगी पाणी मागू लागली. आईनं तांब्याची फिरकी उघडली आणि तुझ्याकडे बघितलं. तू खाली बघत उभा राहिलास. पोर रडून रडून थकली आणि आईच्या खांद्यावर पडून ओठ चाटत राहिली. मी ती मुलगी विसरू शकत नाही. ऊन उतरायला लागलं तेव्हा सगळे चालत फाट्यावर गेलो, तिथं एसटी आली. साहेब चढता चढता थांबले. ते चिडलेले नव्हते. एवढंच म्हणाले, "तुम्ही आम्हाला विचारलं नाहीत."

त्यानंतर साहेबलोकांच्या वसाहतीतून तुझ्याकडे कुणी आलं नाही. त्यांचं मी चूक म्हणत नाही.

एसटी गेल्यावर आपण दोघंच गाडीपाशी परत आलो आणि भांडलो. मी म्हणाले, "लेकराच्या तोंडचं पानी तू दगडावर वतलंस." तू म्हणालास, "दगड म्हनू नको." मी म्हणाले, "बरं, देव. तुझा देव तर तुझ्या गळ्यात हाय. रोज तळहातावर घेऊन त्याला न्हाऊ घालतोस. पाऊस त्याला माग की. गळ्यात एक देव घालून दुसऱ्याच्या दारात कशाला उभा राहतोस?"

तू बराच वेळ गळ्यातली दोरी चाचपत होतास. मग म्हणालास, "ह्यो माजा येकट्याचा हाय, तंगे. त्यो गावाचा हाय."

"मग गावाला पिऊ द्यायचं होतं ते पानी."

"पिऊन संपलं आसतं."

"आन आता?"

तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाला आला, त्याच्याकडं डबाभर पाणी निघालं, तू बॉनेट उघडलंस. आणि 'आन आता?' याचं उत्तर राहिलं ते राहिलंच.

उत्तर काय द्यायचं होतं तुला? चार-दोन दिवसांत गाभाऱ्यातलं पाणी झिरपून गेलं. पाऊस आला नाही. ढग यायचे, दुपारभर थांबायचे आणि कर्नाटकात निघून जायचे. गावानं पुन्हा टँकर वाया घालवला नाही, तेवढं शहाणपण गावाला होतं. तुला नव्हतं. दर रविवारी तू लातूरहून निघायचास, मागच्या सीटवर पाण्यानं भरलेल्या घागरी. लातुरात नळाला पाणी कधी यायचं आणि वैनी त्यासाठी किती वेळ रांगेत उभ्या राहायच्या, हे तुला माहीत नव्हतं असं नाही. दुपारी माझ्याकडे जेवायला थांबायचास. मी गाडीत डोकावून म्हणायची, "गिऱ्हाईक न्हाई वाटतं आज." तू भाकरी मोडता मोडता म्हणायचास, "हाय की. मागं बसलंय." मला हसू यायचं आणि रागही यायचा. हसत नव्हते मी. आता वाटतं, हसायला काय झालं होतं? पण ते पाणी बघितलं की आलेलं हसू गिळावं लागायचं, हे खरं आहे.

एकदाच तू मन मोकळं केलंस. म्हणालास, "पावसाचं मला काय ठावं न्हाई गं. पर गाव सगळा रांगेत हुता, आन येका घागरीनं राहायलं हुतं. येका घागरीसाठी राहिलं आसतं, तर लोकान्ला जन्मभर वाटलं आसतं, आपलीच घागर कमी पडली." हे ऐकून मी पुष्कळ विचार केला, अण्णा. अजून करते. पण ती मुलगी ओठ चाटत होती, ते याच्यानं पुसलं जात नाही.

शेवटच्या रविवारी तू जेवायला थांबला नाहीस. भाकरी झाकून ठेवली होती. काशीबाईंना तू देवळाच्या पायरीवर बसलेला दिसलास, खांबाला टेकून. त्यांना वाटलं, डोळा लागलाय. वैशाखाचं ऊन, तू भरलेली घागर फाट्यापासून खांद्यावरून आणली होतीस, कारण गाडीनं पुन्हा मध्येच दगा दिला होता. घागर शेजारी रिकामी होती. म्हणजे ओतून झालं होतं. डॉक्टर म्हणाले ऊन लागलं. खांद्यावर भरलेली घागर असताना माणूस ऊन लागून मरतो, हे मी कुणाला सांगू?

गाडी वैनी विकणार आहेत. त्यांना दोष देऊ नकोस, त्यांनी तुझं फार सोसलंय. घेणारा मागच्या काचेवरची अक्षरं खरवडून काढेल.

आज मी दरीत गेले होते. वैनींनीच घागर भरून दिली. त्या म्हणाल्या, "त्यांचं राहिलेलं तुमच्या हातानं करून या." तू असतास तर नाही म्हणाल्या असत्या, पण गेल्यावर माणूस असा हट्ट पुरवून घेतो. एसटीनं फाट्यापर्यंत गेले आणि तिथून घागर डोक्यावर घेऊन उतरले. रान सगळं उघडं पडलंय. तुझ्या निसर्गाच्या जागेवर मी थांबले. काहीही ऐकू आलं नाही.

काशीबाईंनी दार उघडलं. भिंतीवर पाण्याची रेघ आहे, माझ्या गुडघ्याच्या वर. खाली वाळलेला चिखल तडकलाय, आणि पिंड कोरडी आहे. पूर्ण कोरडी, तिच्यावर धूळ बसली आहे. तू एवढ्यांदा ओतलंस त्याची ओलसुद्धा राहिली नाही. काशीबाई म्हणाल्या, "वता, बाई. आण्णाचं म्हनून वता."

मी घागर उचलली. खरंच ओतणार होते, अण्णा. तुझ्याशी वाद घालायला मी तिथं गेले नव्हते. पण काशीबाईंकडे बघितलं. ओठ फुटून त्यांवर काळं रक्त वाळलं होतं. मी विचारलं, "पाणी कधी प्यालात?" त्या म्हणाल्या, "काल घोटभर हुतं." मी घागर खाली घेतली. म्हटलं, "धरा ओंजळ." त्या मागं सरकल्या. "देवाचं हाय ते." मी म्हणाले, "अजून ओतलं नाही. ओतलं नाही तोवर माझं आहे."

त्या उंबऱ्याशी बसल्या आणि त्यांनी ओंजळ धरली. मी ओतत राहिले. म्हातारी पीत राहिली, मध्ये श्वास घ्यायलाही थांबली नाही. कोपरावरून ओघळलेलं पाणी तिनं पदरानं टिपलं आणि पदराचं ते टोक तोंडात धरून बसली. उरलेलं मी तिच्या मडक्यात ओतलं. थेंबही ठेवला नाही.

मग तिनं गाभाऱ्याकडे बघितलं आणि तिला एकदम शरम वाटली. आत जाऊन पदराच्या त्या ओल्या टोकानं तिनं पिंडीवरची धूळ पुसली. बाहेर येऊन माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "आण्णाला सांगू नगा, बाई. त्यांच्या जिवाला लागंल."

मी म्हणाले, "नाही सांगत."

म्हणाले खरी, पण एसटीत बसल्यापासून तुलाच सांगत आले आहे. घरी येऊन चपला काढल्या आणि हे लिहायला बसले. तू ओतलंस तेव्हाही पाऊस आला नाही, आणि मी ओतलं नाही म्हणून येणार होता तो थांबला असंही नाही. आभाळ सकाळी होतं तसंच आहे. म्हातारीला उद्या पुन्हा तहान लागेल, आणि उद्या माझ्याकडे घागर नाही. म्हणजे तू म्हणालास ते खरं झालं, पिऊन संपलं.

माझं बोलून झालं, अण्णा. आता तू बोल.